हाली रुपयातलं शहर

चारमिनार मी पहिल्यांदा पाहिला तो पेडगावात, दादांच्या तळहातावर. (पेडगाव म्हणजे आमचं परभणीचं, बहादूरगडाचं नव्हे.) निजामाच्या काळचा हाली रुपया होता तो. चारमिनारच्या कमानीत 'ऐन' हे उर्दू अक्षर कोरलेलं, उस्मान अलींच्या नावातलं पहिलं. चलनातून केव्हाच बाद झालेला तो रुपया दादांनी चंचीत जपला होता. हैदराबादच्या गोष्टी सांगताना ते थकत नसत, पण १९४८ नंतर स्वतः कधी तिकडे गेले नाहीत.

त्यांची बहीण, आमची बडी फुफ्फी, मात्र गेली आणि परतलीच नाही. आधी रझाकारांनी मुलूख छळला. मग सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि रझाकारांच्या पापाचं माप कितीतरी निरपराध मुसलमानांच्या पदरात पडलं. त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल लोकांना वाचायला मिळाला तो थेट २०१३ साली. आमच्या घरात त्या दिवसांबद्दल कुणी बोलतच नसे.

१९८७ च्या जानेवारीत मी एकटाच निघालो. दादा वारले होते. अब्बांनी शहाअलीबंड्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. खांद्याला शबनम, तिच्यात दोन शर्ट, तो रुपया, अम्मीने बांधून दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे तेव्हा मीटरगेज होतं. पेडगावहून पॅसेंजरने परभणी, तिथून रात्रीची गाडी. सकाळी काचीगुड्याला उतरलो.

खरं सांगायचं तर मी लगेच त्या पत्त्यावर गेलो नाही. दोन दिवस नुसता भटकलो. ज्या म्हातारीला कधी पाहिलं नाही, तिच्यासमोर उभं राहून बोलायचं काय, याची धास्ती होती. अफझलगंजच्या एका लॉजवर कॉट घेतली आणि दादांच्या तोंडून ऐकलेलं शहर शोधत निघालो. उस्मानिया इस्पितळाच्या आवारातली चिंच सापडली. १९०८ च्या मुसीच्या महापुरात दीडशे माणसं हिच्या फांद्यांवर तगली होती, असं दादा सांगायचे. नया पुलावरून खाली पाहिलं तर मुसी आमच्या ओढ्याएवढी. पत्थरगट्टीतून चालत गेलो आणि समोर चारमिनार! मी आधी कमानीत 'ऐन' शोधला. तिथे होता शिट्टी फुंकणारा ट्रॅफिक हवालदार.

इराणी हॉटेलात पौना चहा घेताना समोरच्या चाचांनी विचारलं, "मियाँ, कां से आए?" परभणी म्हणताच हसले. "तबीच. उर्दू में मराठी घुसा रै." रात्री लॉजवर नांदेडकडचे एक कापड व्यापारी भेटले. ते म्हणाले, "मुसलमान असून मराठी किती छान बोलता हो!" दुसऱ्या दिवशी इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथ संग्रहालय शोधून काढलं आणि दुपारभर वर्तमानपत्रं वाचत बसलो. तिथे कुणी काही विचारलं नाही. बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी शहाअलीबंड्याला गेलो. चाचांचं बोलणं मनात होतं म्हणून जमेल तितक्या शुद्ध उर्दूत सलाम केला, नाव सांगितलं, दादांचं नाव सांगितलं. बडी फुफ्फी तख्तावर बसली होती. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"ज्वारी कशी हाय रं औंदा?"

घरातल्या पोरी चमकल्या. "दादी, ये क्या बोल रैं आप?" चाळीस वर्षांत त्यांच्यासमोर ही बोली कधी निघालीच नव्हती. फुफ्फीने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. विहिरीला पाणी किती, माळवद गळतं का, रेल्वेच्या पलीकडचं वावर कोण करतं, एकामागून एक विचारत राहिली. मग आवाज उतरला.

"पाटलाच्या वाड्यातली म्हातारी हाय का? तिनं तीन राती आमाला बळदात ठिवलं व्हतं."

हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं.

"वारल्या," मी म्हणालो. "चार वर्षं झाली."

ती पदराशी चाळा करत राहिली. काय करावं ते न सुचून मी दादांचा रुपया काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या मुठीत परत दिला.

"ह्ये इथं लई पडलेत, लेकरा. हुरड्याचे दिस हायेत, येताना चार कणसं आणायची व्हतीस."