उंबराखालचा थांबा

आमच्या घरात दोन गाड्या होत्या. मोठ्या लाईनीची गाडी वडिलांच्या नोकरीची आणि परगावच्या लग्नांची. छोट्या लाईनीची गाडी आईच्या माहेराची. नागपूरच्या इतवारीहून निघाली की कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना. आम्हा सात भावंडांना ही नावं पाढ्यांसारखी पाठ होती. सात म्हणजे आम्ही चार आणि मावशीची तीन. आई इतवारीत दिलेली, मावशी महालात. दोघींची सासरं हाकेच्या अंतरावर, पण भेट व्हायची ती सणावारी, तीही चारचौघांत. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी जायचं ते मात्र एकाच गाडीनं, एकाच डब्यात.

१९१३ सालची ती लाईन. बंगाल-नागपूर रेल्वेनं टाकलेली. दोन रुळांमध्ये अडीच फूट अंतर, मोठ्या लाईनीच्या निम्म्याहून कमी. रामाकोन्याच्या पुढं ती देवी, कुकडाखापा, भिमालगोंदी करत सातपुड्याचा घाट चढायची आणि छिंदवाड्याला पोचायची. घाटात मुलं चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडत आणि पुन्हा चढत, असं लोक सांगतात. आम्ही तो घाट क्वचितच पाहिला, आणि उतरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आईनं दोघांची मनगटं धरलेली असायची आणि मावशीनं दोघांची. खिडकी मोठ्या तिघांना. फिरकीच्या तांब्यातलं पाणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि इंजिनाच्या कोळशाची कणी डोळ्यात गेली की आईच्या पदराची फुंकर घालून गरम केलेली बोळी. प्रवास एवढाच.

खरी वाट स्टेशनाच्या पुढची.

रामाकोन्याला कन्हान नदी आहे. आईच्या वडिलांचा, आबाजींचा, संत्र्याचा मळा नदीकाठी होता. मामा दमणी घेऊन यायचा, पण गाडीरस्ता लांबून वळसा घेऊन जाई. म्हणून सामान दमणीत टाकायचं आणि माणसांनी पटरीपटरीनं चालायचं, अशी रीत होती. एका हाताला पळसाची झुडपं, दुसऱ्या हाताला खाली नदी. मे महिन्यात कन्हानचं पाणी एका कडेला सरकलेलं असे आणि उरलेल्या वाळूत ढीवरांच्या डांगरवाड्या. टरबुजाच्या वेलांचा वास वर पटरीपर्यंत यायचा. सिलिपाटांमधलं अंतर मोठ्या माणसाच्या पावलाला कमी आणि लहानाच्या पावलाला जास्त. धाकटा भाऊ गिट्टीवर घसरत चाले आणि मावशी पुढून ओरडे, "खाली पाहून चाल नं बावा!"

वाटेत एक उंबर होता. तिथं थांबा ठरलेला. आम्ही नदीत उतरायचो. आई प्रत्येकाचं तोंड धुवायची, कान, मान, नखांतला कोळसासुद्धा. काळी तोंडं घेऊन आजीसमोर जायचं नाही, हे कारण आम्हाला सांगितलेलं होतं. मग आम्हाला वाळूत खेळायला सोडून दोघी उंबराखाली बसायच्या. बराच वेळ. मामा दमणीतून केव्हाच घरी पोचलेला असे, तरी त्या उठत नसत. उठताना दोघी पुन्हा तोंड धुवायच्या, कुंकू नीट करायच्या. इतवारीहून निघताना डोक्यावर असलेला पदर तेव्हा खांद्यावर आलेला असे.

या पट्ट्याबद्दल एक सांगायला हवं. सौंसर-पांढुर्ण्याकडची माणसं घरात मराठी बोलतात. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर हीच त्यांचीही राजधानी होती. मग विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा भाग मध्यप्रदेशातच राहिला. आईचं सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्यात. आबाजींच्या मळ्यातली संत्री मात्र नागपूरच्याच बाजारात येत राहिली. आणि कन्हान तर पुढं नागपूरच्या नळालाच येते. नळावर हंडा भरताना आई कधी कधी म्हणायची, "आमच्याकडचं पाणी आहे हे." तेव्हा ते आम्ही ऐकून सोडून दिलं.

२०१५ च्या नोव्हेंबरअखेर छोटी लाईन बंद झाली. त्या जागी मोठी लाईन येणार होती. याबद्दल मला तक्रार नाही. सहा-सात तासांचा तो प्रवास आजारी माणसाला, बाळंतिणीला किती जड जात असेल, हे आम्ही खिडकीतल्या मुलांनी कधी पाहिलं नाही. पण जुने रूळ उखडले आणि नवे यायचे होते, त्या मधल्या दिवसांत ती नुसती वाट होऊन पडली होती. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. २०१६ च्या डिसेंबरात आम्ही पाच भावंडं गेलो. दोघं परदेशी. मावशी ब्याऐंशी वर्षांची, तिनं हट्ट धरला म्हणून तिलाही मोटारीतून नेलं. तिला चालवणार नव्हतं. मामेभावाच्या अंगणात तिला बसवून आम्ही निघालो.

रुळांशिवायची वाट इतकी अरुंद असेल असं वाटलं नव्हतं. दोन माणसं शेजारी चालली की भरली. सिलिपाट निघाले होते, त्यांचे ठसे मातीत होते, एकाआड एक खळगे. पन्नाशी उलटलेला धाकटा भाऊ त्या खळग्यांत पाय ठेवत चालला, आणि आता त्याचं पाऊल बरोबर पडत नव्हतं ते दुसऱ्या बाजूनं. खाली कन्हानला डिसेंबरातलं निळं पाणी होतं. आंबिया बहाराची तोड चालू होती, बागांतून संत्र्याचा वास येत होता. आम्ही फारसं बोललो नाही. ताईनं एकदा मागं वळून विचारलं, "आई इथून पुढं भरभर चालायची, आठवतं?" सगळ्यांना आठवत होतं.

उंबर होता. वठलेला नव्हता, उलट बुंधा दुप्पट झाला होता. आम्ही तिथं बसलो, पाण्यात उतरून तोंडं धुतली, परत आलो.

मावशीनं पहिलं तेच विचारलं, "उंबर हाय का रे?" हो म्हटल्यावर ती जरा गप्प राहिली. ताई म्हणाली, आम्हीही तोंड धुऊन आलो, आई धुवायची तसं. त्यावर मावशी म्हणाली, "तोंडं धुवाचं तं तुमचं निमित्त होतं. तुम्हाले काय मालूम! आम्ही दोघी तिथंच बोलून घेत होतो. कोणाचं काय दुखते, कोणाच्या घरी काय चालू हाय. तिथंच रडून घ्याचं. घरी गेलं की मायले सांगाचं, सगळं बरं हाय."

आजी गेली तेव्हा मी विशीत होतो. तिनं दरवर्षी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकताना दोन्ही लेकींच्या तोंडाकडं निरखून पाहिलेलं मला आठवतं. त्या दोघी हसत असायच्या. पाणी शिंपडलेलं, कुंकू नीट. आमच्या इतवारीतल्या घरात आईला काय सोसावं लागलं हे आम्हा चौघांना आजही नीट माहीत नाही. मावशीला माहीत होतं. त्या दिवशी आम्ही विचारलं, तर तिनं मान हलवली. ते उंबराखालचं होतं, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मावशी २०१९ मध्ये गेली. २०२१ पासून इतवारी-छिंदवाडा मोठ्या लाईनीची गाडी धावते. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं. छोट्या लाईनीची इंजिनं आणि डबे नागपुरात मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जपून ठेवले आहेत. तुमच्या घरात त्या गाडीनं माहेरी गेलेली एखादी बाई अजून असेल, तर तिला एकदा तिथं घेऊन जा. डब्याजवळ सावलीत बसवा आणि विचारा, वाटेत तुम्ही कुठं थांबत होता.