फांदीचा दोर

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या वाडीत काथ्याची दोरी जिकडेतिकडे होती. विहिरीच्या रहाटाला, गुरांच्या दाव्याला, मांडवाच्या वाशांना, पडवीतल्या कपड्यांना. माड चढायला येणाऱ्या नानांच्या पायांतही होती, कमरेला मात्र नव्हती. कमरेला असायची आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता. दीड-दोन महिन्यांनी नारळ उतरवायचे झाले की नाना यायचे, काथ्याचं कडं दोन्ही पावलांत अडकवायचे आणि पन्नास-साठ फुटांचा माड बघता बघता चढून जायचे. हातांनी खोड कवटाळायचं, गुडघे वर ओढायचे, तळवे टेकवून अंग सरळ करायचं. अंगाचा भार पावलांवर आला की कडं ताणतं आणि तळव्यांना खोडावरून फाकू देत नाही. भार हातांवर गेला की सैल पडतं आणि पावलांबरोबर वर सरकतं. भार आला की धरायचं, भार गेला की सोडायचं, एवढीच त्या कड्याची विद्या.

कमरेला दोरी का नाही, असं एकदा विचारलं तेव्हा नाना हसले. म्हणाले, "बांधून घेतलंय तर दिसाचे किती माड होतले?" मजुरी माडावर होती, दिवसावर नव्हती. मला ते उत्तर तेव्हा बेफिकिरीचं वाटलं होतं. आता ते हिशेबाचं वाटतं.

गाठी मी शिकलो त्या नानांकडून नव्हे, आजीकडून. गोठ्यात तिचा कायदा कडक होता. जनावराला निरगाठ मारायची नाही. साप निघो, गवताला आग लागो, दोरीचं मोकळं टोक ओढलं की दावं सुटलं पाहिजे, आणि तेही माणसानं ओढल्यावर, जनावरानं हिसका दिल्यावर नव्हे. वासरानं जोर केला तर गाठ उलट आवळतच जायची. भल्या पहाटे, अंधारात, शेणात पाय भरलेले असताना तिचे हात ती गाठ घालत आणि सोडत. पुढे पुण्यात प्रस्तरारोहण शिकताना आमचे शिक्षक डोळे मिटून गाठ घालायला लावत, तेव्हा मला त्याचं फार नवल वाटलं नाही.

पुण्यात दोर बदलला. काथ्या गेला, नायलॉन आला. फिगर ऑफ एट ही तिथली पहिली गाठ. ती सगळ्यांत बळकट आहे म्हणून शिकवतात असा समज असतो. खरं कारण वेगळं आहे. तिच्यात दोराचे दोन-दोन पदर शेजारीशेजारी धावतात, त्यामुळे चुकली असेल तर दुसऱ्याला दोन हातांवरून दिसते. बोलाइन घालायला सोपी, सोडायला त्याहून सोपी, पण भार नसताना हलत राहिली तर ढिली पडू शकते आणि चूक पटकन नजरेत भरत नाही. गाठ ज्यानं घातली त्यालाच कळून उपयोग नाही, जोडीदारालाही ती वाचता आली पाहिजे. हे एकदा अंगवळणी पडलं की माणूस दुसऱ्याच्या हार्नेसकडे पाहिल्याशिवाय बोलायलाच सुरुवात करत नाही. लग्नसमारंभात मी पाहुण्यांच्या पट्ट्यांकडे पाहतो अशी बायकोची तक्रार आहे.

मग प्रुसिक. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक या गिर्यारोहकानं 1931 मध्ये ही गाठ प्रसिद्ध केली. बारीक दोरीचा बंद वेढा जाड दोराभोवती तीनदा गुंडाळायचा. त्याला लटकलं की तो दोर आवळून धरतो, भार काढला की हातानं वर सरकवता येतो. पहिल्यांदा तिच्यावर लटकलो आणि मला नानांच्या पायांतलं काथ्याचं कडं आठवलं. घर्षण तेच, चाल तीच. फरक इतकाच की कडं पायाला होतं आणि प्रुसिक माणसाला.

झाडांच्या कामात मी पडलो तो इंग्लंडमध्ये गेल्यावर. डोंगराची सवय असलेल्याला तिथे आधी एक गोष्ट विसरावी लागते. डोंगरात दोर असतो तो पडलात तर झेलायला, म्हणून तो ताणला जाणारा असतो. झाडावर दोर ही तुमची दिवसभराची बैठक. पडायला परवानगीच नाही. दोर अकरा ते तेरा मिलिमीटर जाडीचा, जेमतेम ताणला जाणारा, आणि त्यात ढील ठेवायची नाही. आधी वजनाची छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून उंचावरच्या भरभक्कम बेचक्यातून फेकतात, तिच्यामागून खरा दोर ओढून घेतात. ही पिशवी फेकण्यात नवख्याची सकाळ जाते आणि खालचे लोक चहा पीत मजा बघतात. दोर थेट सालीवर घासू नये म्हणून बेचक्यात दोन कड्यांचा पट्टा बसवतात. त्यानं साल वाचते आणि दोरही.

त्या दोरावर वरखाली करायला बरेच जण ब्लेक्स हिच शिकत. ऑस्ट्रियाच्याच हाइन्झ प्रोहास्का यांनी ती 1981 मध्ये मांडली होती. नव्वदच्या दशकात जेसन ब्लेक या अमेरिकी झाडचढ्यानं तिच्यावर लिहिलं आणि नाव त्याचं पडलं. तिच्या शेपटाला आणखी एक अडसर-गाठ मारायची असते, नाहीतर शेपूट सरकत सरकत गाठीतून निसटू शकतं. शिवाय दोरावर दोर घासतो तिथे भराभर खाली उतरल्यास नायलॉन वितळून चकाकी धरतं. चकाकणारा भाग दिसला की गाठ सोडून दोर तपासायचा. म्हणून पुढे घर्षणाच्या गाठीसाठी उष्णता सोसणाऱ्या अरामिडची वेगळी दोरी वापरायला लागलो.

गाठींचं प्रेम मला आहेच, पण तिथं काम करताना कळलं की गाठ हा सगळ्यांत छोटा भाग आहे. करवत चालू करायच्या आधी झाडाला दुसरा बंध घालायचाच. करवत फांदी आणि दोर यांत भेद करत नाही, आणि एक दोर कापला गेला तर दुसरा हवा. माणसाला उचलणाऱ्या साधनांची तिथल्या 1998 च्या नियमांनुसार दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी होते, कागदावर नोंद होते. आणि खाली एक असा माणूस लागतो, जो चढू शकतो. हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेल्या माणसाला लवकर खाली आणलं नाही तर निव्वळ लटकण्यानंच तो दगावू शकतो. अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो.

पुण्यात परतल्यावर मी हेच काम करू लागलो. पावसाळ्याआधीचा मे महिना म्हणजे फांद्या छाटण्याचा हंगाम. शहरातलं झाड तोडायला राज्याच्या 1975 च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ते योग्यच आहे. पण झाडाची एवढी चौकशी होते आणि झाडावर जाणाऱ्याची कुणी करत नाही. अनवाणी पोरगा, खांद्याला करवत, गुलमोहराच्या शेंड्यावर. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, फांदी बाहेरून हिरवी आणि आतून पोकळ असू शकते. पेल्टोफोरम त्याचाच भाऊबंद. अशा झाडावर दोर कुठल्या बेचक्यात टाकावा याचा मी खाली उभा राहून बराच वेळ विचार करतो, आणि तो पोरगा तोवर वर पोचलेला असतो.

आणि दोर तिथे असतो. चांगला जाड, नवा नायलॉनचा दोर. तो फांदीला बांधलेला असतो. कापलेली फांदी धाडकन खाली येऊन सोसायटीतल्या गाड्यांवर पडू नये म्हणून दोघे जण तो खालून धरतात आणि फांदी अलगद उतरवतात. काम पाहण्यासारखं असतं, मी नाकारत नाही. फक्त त्या दोराचं दुसरं टोक माणसाच्या वाट्याला येत नाही. गाडीला ओरखडा गेला तर भरपाई मागणारा मालक समोर उभा असतो. पोरगा पडला तर 'त्याचंच दुर्लक्ष' हे उत्तर तयार असतं.

माडाची गोष्ट आणखी अवघड. त्याला बेचकं नाही, दोर टाकायचा कशावर? वर झावळा असतात, पण सोंड्या भुंग्यानं शेंडा आतून पोखरलेला असेल तर तो बसल्या जागी मान टाकतो. खोडाला काटेरी बूट लावून चढावं तर माड आयुष्यभर जखमा वागवतो. आंब्यासारखी त्याची जखम नव्या सालीनं भरून येत नाही. म्हणून खोडाभोवतीचा पट्टा हाच एक खरा बंध.

केरळात कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या एम. जे. जोसेफ यांनी दोन चौकटी आणि पोलादी तारेचे फास यांचं माड चढायचं यंत्र बनवलं. उजवी चौकट, डावी चौकट, जिना चढल्यासारखं. 2011 पासून नारळ विकास मंडळानं अशा यंत्रांवर तरुणांना, बायकांनाही, चढायला शिकवलं आणि अपघात विमाही दिला. यंत्र मी वापरून पाहिलं आहे. पायांना झकास धरतं. भार आला की फास आवळतो, भार गेला की सैल. पण ते धरतं पायांना, माणसाला नव्हे. पाय चौकटीतून निसटला की यंत्र माडावरच राहतं आणि माणूस खाली येतो. कमरेचा पट्टा वेगळा घ्यावाच लागतो, आणि शेंड्यापाशी झावळा ओलांडताना आधी दुसरा पट्टा पलीकडून अडकवून मगच पहिला सोडायचा. याला प्रत्येक माडाला थोडी मिनिटं जास्त लागतात. नानांचा हिशेब इथेच येऊन अडतो, आणि तो चुकीचा नाही. माडावर मजुरी ठरवून त्या मिनिटांचे पैसे आपण चढणाऱ्याकडूनच वसूल करतो.

पुढच्या मे महिन्यात सोसायटीत झाड छाटायला माणसं बोलवाल तेव्हा दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. वर जाणारा कशाला बांधलेला असेल, करवत चालताना त्याला दुसरा बंध असेल का, आणि तो अडकला तर खालचा कोण वर जाईल. उत्तरं देणारा कंत्राटदार थोडा महाग पडेल. त्यालाच काम द्या.