नायगावच्या मोरीतून मिठीच्या उगमाकडे

मुंबईच्या नायगावातून एकही नदी वाहत नाही. तरीही मिठी नदीच्या स्वच्छतेचा विचार दादर पूर्वेच्या या वस्तीपासून सुरू करणे योग्य ठरते, कारण शेजारचा हिंदमाता परिसर बशीसारखा सखल असल्याने पाणी कुठून आले आणि कुठे जाणार, हा प्रश्न इथल्या रहिवाशांना दर पावसाळ्यात पडतो. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, या सरकारी खात्याने नायगावात ४२ चाळी उभारल्या. त्यांतील प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. मोरी खोलीत, संडास सामायिक आणि दोन्ही बाजूंच्या दारांमधून जाणारी लांब, अंधारी वाट, अशा रचनेत गिरणी कामगारांच्या पिढ्या वाढल्या. सकाळी दुधाची पिशवी कापताना उडालेला तिचा इवलासा त्रिकोणी कोपरा मोरीतून गटारात जातो. हिंदमाता भागातील पावसाचे पाणी रे रोडजवळच्या ब्रिटानिया पंपिंग स्टेशनातून समुद्रात सोडले जाते, आणि वाटेतल्या जाळ्यांतून सुटलेला असा तुकडा त्याच्यासोबत समुद्र गाठू शकतो.

मिठीच्या उगमाकडे जायचे तर दादरहून लोकलने कांजूरमार्ग आणि तिथून पवईमार्गे गेल्यावर फिल्टरपाडा लागतो. त्याच्या वरच्या अंगाला विहार तलाव आहे. १८६० मध्ये या तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले आणि विहिरी-तळ्यांवर जगणाऱ्या शहराला प्रथमच दूरवरून पाणी मिळू लागले. विहार आणि पवई या तलावांतून ओसंडणाऱ्या पाण्यापासून मिठी सुरू होते आणि साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असा सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून माहीमच्या खाडीला मिळते. ज्या तलावाने मुंबईची तहान भागवली, त्याच्याच सांडव्याखाली या शहराने आपला उकिरडा करावा, ही गोष्ट मनाला फार लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भराव, बांधकामे आणि कचरा यांनी आवळलेल्या या नदीने काठच्या वस्त्या बुडवल्या.

वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा उचलण्यास सुरुवात केली आणि पुढे स्वयंसेवकांसह ते काम फिल्टरपाड्याजवळच्या मिठीच्या पात्रापर्यंत नेले. नदीतला कचरा किनाऱ्यावरच्यासारखा सहज उचलता येत नाही. चिखलात रुतलेली साडी ओढली की तिच्या घड्यांतून पिशव्या, वेष्टने आणि थर्माकोलचे दाणे निघतात, आणि कापड फाटले तर सगळे पुन्हा प्रवाहात सुटते. म्हणून दोघातिघांनी मिळून ते हळूहळू सोडवावे लागते. गाळात मिसळलेला दुधाच्या पिशवीचा कोपरा मात्र अशा कष्टाळू हातांनाही सापडत नाही. त्यामुळेच पात्रातल्या कामाइतकेच काठावरच्या घरांत जाऊन बोलणे महत्त्वाचे ठरते: ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे आणि पिशवीचा कोपरा संपूर्ण न कापता, एका बाजूने जोडलेला राहील अशी चीर देणे. तसे केल्यास तो तुकडा पिशवीसोबतच भंगारात जातो. मग तो ना नायगावच्या मोरीत पडतो, ना मिठीच्या गाळात.