फर्दापूरच्या तिठ्यावर

गेल्या हिवाळ्यांत आम्ही आमच्या वडील बंधूंस अजिंठ्याचीं लेणीं दाखवावयास नेलें. जळगांवकडून फर्दापूरला येतों न येतों, तोंच तिठ्यावर आमची मोटार थांबविण्यांत आली. पुढची सुमारें चार किलोमीटरची वाट एस. टी.च्या बसनेंच जावयाची! अण्णा कुरकुरले. तेव्हां तेथील मनुष्य म्हणाला, "गाड्यांच्या धुरानें चित्रें खराब होतात, काका."

अण्णा एकदम गप्प झाले. त्यांचीं तीस वर्षें पुण्यांत ऐन हमरस्त्यावरच्या बिऱ्हाडांत गेलीं. खिडकीच्या गजांवर रोज काळी पूड सांचे. वहिनी ती ओल्या फडक्यानें पुशीत. जी छातींत गेली ती कोण पुसणार? दोन वर्षांपूर्वीं अण्णांची नाडी एकाएकीं बेताल झाली. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावतां नुसते थरथरूं लागतात, त्या विकारास एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. कप्प्यांत रक्त साकळून गुठळी होते, आणि ती मेंदूंत गेली कीं पक्षाघात. हें भय इतरांहून सुमारें पांचपट. म्हणून रक्त न गोठण्याची गोळी नित्याची झाली.

डॉक्टरांनीं वय, रक्तदाब विचारला आणि शेवटीं घर कोठें आहे तेंही विचारलें! आम्हांस नवल वाटलें. धुरांतील २.५ मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसावा हिस्सा, फुप्फुसाच्या तळापर्यंत पोंचतात. तेथें दाह होतो, आणि हृदयाचा ताल सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा तोल ढळतो. वर्षानुवर्षें अशा हवेंत राहणारांस हा विकार अधिक जडतो, असें अनेक पाहणींत आढळलें आहे. अण्णांच्या बाबतींत दोष धुराचा किती व रक्तदाबाचा किती, हें डॉक्टरांस सांगतां येईना. आम्हीही सांगत नाहीं. मात्र जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ह्या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरविली असतां आपली मर्यादा २००९ पासून ४० आहे, हें वाचून आम्ही चपापलों.

असो. अण्णांना डोलींतून वर नेलें. पद्मपाणीपुढें ते बराच वेळ उभे राहिले. परत तिठ्यावर उतरलों, तेव्हां चहाच्या टपरीवरचा मुलगा मालमोटारींच्या धुरांत पेले विसळीत होता.

"चित्रांसाठीं गाड्या येथें थांबविल्या," अण्णा म्हणाले, "आणि हा नेमका येथेंच बसलेला!"

मग गोळीची वेळ झाली म्हणून त्यांनीं त्याच्याकडेच पाणी मागितलें.