ओठांतल्या ओठांत

'अ क्वाएट प्लेस' मी ठाण्याच्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला, 2018 च्या एप्रिलमध्ये. आवाज झाला की झडप घालणारे प्राणी, आणि खुणांनी बोलून तगणारं एक कुटुंब. कर्णबधिर मुलगी झालेल्या मिलिसेंट सिमंड्सला खरोखरच ऐकू येत नाही. समीक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला, ध्वनिसंपादनासाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं.

'न्यूयॉर्कर'चे रिचर्ड ब्रोडी मात्र उखडले. त्यांना त्यात शेतावरच्या घरात बंदूक घेऊन बसलेलं गोरं कुटुंब आणि त्याच्यावर चालून येणारे काळे प्राणी दिसले. नंतर ते वाचून मी मान डोलावली. घुसखोर ठरवलं जाणं आम्हाला काय नवं?

पण थिएटरात मी श्वास रोखला होता तो त्या कुटुंबासाठीच. एमिली ब्लंट कळा येत असताना आवाज गिळते, तेव्हा मला अम्मी दिसली. कल्याणच्या दूधनाक्यावर तिचं बोलणं चार घरं पलीकडे ऐकू जातं. लोकलमध्ये फोन आला की तीच बाई सलाम ओठांतल्या ओठांत पुटपुटते. कुणी तिला तसं सांगितलेलं नाही. ब्रोडींना हे घर कल्याणहून कसं दिसतं ते ठाऊक असायचं कारण नाही.

चित्रपट पाहून परतताना तिचाच फोन आला. डबा भरलेला.

"जेवलास का रे?"

"हो, आई."

ती क्षणभर थांबली. मग घरात एकटी असूनही आवाज खाली आणून म्हणाली, "कुठे पोचलास?"

"डोंबिवली."