बोटांचा क्लच, पायाचं पेडल

मोटरसायकलचा क्लच बोटांसाठी घडवलेला असतो. लिव्हर सोडताना प्लेटा नेमक्या कुठे धरायला लागल्या हे तळहाताला लगेच कळतं. तेच इंजिन चार चाकांच्या गाडीत बसवलं की क्लच पायाकडे जातो. पायात जोर भरपूर, बारकावा कमी. म्हणून पेडलच्या जोराने नळीत तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर निवडताना मी आधी एवढंच डोक्यात ठेवतो. कंपनी, किंमत, दिसणं हे सगळं त्यानंतर.

वाळूज एमआयडीसीत माझं लेथ आणि वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. 1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि सुटे भाग बनवणाऱ्यांची रांगच लागली. एन्ड्युरन्ससारखी कंपनी इथलीच, दुचाकींचे क्लच आणि डिस्क ब्रेक बनवणारी. बोअर, सील, स्ट्रोक हे शब्द इथल्या कामगारांच्या रोजच्या बोलण्यातले. इंग्लंडात हौशी माणसं 1957च्या लोटस सेव्हनच्या वळणाची गाडी घरच्या गॅरेजात बांधतात आणि तिच्यात मोटरसायकलचं इंजिन टाकतात. आपल्याकडे अशी गाडी रस्त्यावर नोंदवणं अवघड. म्हणून ही हौस अभियांत्रिकीची मुलं फॉर्म्युला भारत, सुप्रा अशा स्पर्धांसाठी एकआसनी गाड्या बांधून भागवतात. त्यांचं आवडतं इंजिन म्हणजे केटीएम 390चं, 373 सीसीचं. त्याचा क्लच केबलचा. मुलं येतात आणि विचारतात, "काका, कोणता मास्टर सिलिंडर घेऊ?"

केबल का नको, हे आधी सांगतो. या गाडीत चालक पुढे आणि इंजिन त्याच्या पाठीमागे. केबल सीटला वळसा घालून न्यावी लागते, प्रत्येक वळणावर ती आतल्या आत घासते आणि पायाला काहीच नीट कळत नाही. तेलाच्या नळीला वळणाचं वावडं नसतं. मागे क्लचचा आर्म ओढणारा स्लेव्ह सिलिंडर लावला की काम झालं.

हिशेब मात्र मागून पुढे करायचा. आर्मला केबलच्या जागी वजनकाटा अडकवून ओढा, म्हणजे चाल आणि जोर दोन्ही कळतात. समजा क्लच पूर्ण सुटायला 12 मिमी चाल आणि 25 किलो ओढ लागली, आणि स्लेव्ह पाऊण इंची, म्हणजे 19.05 मिमीचा आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे 285 चौरस मिमी. मास्टरही पाऊण इंची घेतला तर त्याचा पिस्टन 12 मिमीच सरकेल. पाच-अष्टमांश इंची, म्हणजे 15.87 मिमीचा घेतला तर क्षेत्रफळ 198, आणि पिस्टनला सुमारे 17 मिमी सरकावं लागेल. आता पेडल. पाऊण इंचीला 5:1चं पेडल लावलं तर पायाची चाल 60 मिमी. लहान बोअरला 3.5:1चं लावलं तरी चाल 60 मिमीच, आणि दोन्हीकडे पायाला लागणारा जोर जेमतेम पाच किलो.

मग फरक कशात? फरक वाया जाणाऱ्या चालीत आहे. पेडलचा पुशरॉड आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात मिलिमीटरभर मोकळी जागा ठेवावीच लागते. 5:1च्या पेडलवर ती पायाशी 5 मिमी खाते, 3.5:1वर साडेतीन. उरलेल्या चालीतच गाडी जागेवरून उचलायची असते, आणि अशा गाडीत क्लचचं खरं काम तेवढंच. एकदा निघाल्यावर वरचे गिअर क्लच न दाबताही पडतात. म्हणून माझं मत पक्कं आहे: बोअर लहान, पेडलचं प्रमाण कमी.

पण लहान म्हणजे कितीही लहान नव्हे. मुलं स्वस्त पडतो म्हणून बाइकच्या मागच्या डिस्कचा मास्टर घेऊन येतात. त्याचा बोअर अर्धा इंच धरला तर वरच्या हिशेबाने 27 मिमी स्ट्रोक हवा, आणि तेवढा त्या चिमुकल्या सिलिंडरात नसतो. क्लच अर्धवट सुटतो, गाडी पहिल्या गिअरात पुढे सरकत राहते. ताकदीची चिंता मात्र नको. नळीत दाब चौरस सेंटिमीटरला नऊ किलोच्या आत राहतो, ब्रेकच्या नळीत त्याच्या कितीतरी पट असतो.

पुशरॉडपाशी ठेवलेली ती मिलिमीटरभर मोकळी जागा कुणी "ढिलं वाटतं" म्हणून काढून टाकू नये. पिस्टन पूर्ण मागे आला तरच तेलाच्या टाकीकडचं बारीक छिद्र उघडतं. ते बंद राहिलं तर गरम होऊन फुगलेल्या तेलाला वाट मिळत नाही आणि क्लच आपोआप थोडा दाबलेला राहतो. प्लेटा घसरतात, जळतात. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, एक्झॉस्टच्या जवळून गेलेल्या नळीत हे फार लवकर होतं.

पेडलखाली स्टॉप हवाच. बोटं जिथे थांबतात तिथे पाय थांबत नाही. घाबरलेला चालक सगळा जोर टाकतो, मग आर्म वाकतो किंवा स्लेव्हचा पिस्टन सीलसकट बाहेर येतो. क्लच पूर्ण सुटल्यावर दोन मिलिमीटर पुढे स्टॉप ठेवा. तेल सीलच्या रबराला जुळणारंच भरा. डॉट 4साठीच्या सिलिंडरात खनिज तेल गेलं की रबर फुगतं आणि सील निकामी होतं.

विचारायला जरूर या. येताना स्लेव्हचा व्यास, आर्मची चाल आणि पेडलला मिळणारी जागा मोजून आणा. मास्टर सिलिंडर त्यानंतरच विकत घ्या.