दोन सेंटिमीटरची जागा

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून, यारी रोडवरून येणाऱ्या नातेवाइकांना मी आधीच सांगून ठेवतो : जांघेतलं भोक लहान आहे, आजार लहान नाही.

महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर फाटला की रक्त थरांमध्ये घुसतं, खोटी वाट पाडतं आणि खरी वाट दाबून टाकतं. पाठीत, दोन फऱ्यांच्या मधे, फाडल्यासारखी कळ येते. फाट हृदयालगत असेल तर बहुधा छाती उघडावीच लागते. डाव्या हाताच्या धमनीपुढे असेल तर आधी औषधांनी रक्तदाब उतरवतात. पण आतडी, मूत्रपिंडं, पाय यांचं रक्त तुटू लागलं की आमची, म्हणजे छाती न उघडता धमनीच्या आतून उपचार करणाऱ्यांची, पाळी येते.

जांघेतल्या धमनीतून वायर वर सरकवायची आणि तिच्यावरून मिटलेला स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे जाळीचा आधार असलेली कापडी नळी, न्यायचा. खारकीवमध्ये शल्यचिकित्सक वोलोडोस यांनी 1987 मध्ये छातीतल्या महाधमनीत असा ग्राफ्ट बसवला होता. फाटलेल्या महाधमनीसाठी डॉ. डेक आणि डॉ. निनाबर यांच्या गटांचे अनुभव 1999 मध्ये प्रसिद्ध झाले.

हातांचं काम तसं थोडं. खरं काम सीटी स्कॅनसमोर बसून मोजण्याचं. ग्राफ्टला टेकायला साधारण दोन सेंटिमीटर निरोगी भिंत लागते. ग्राफ्ट जास्त रुंद निवडला तर नवी फाट पडू शकते. जास्त लांब झाकलं तर मज्जारज्जूचं रक्त तुटून पाय जाऊ शकतात. वायर खऱ्या वाटेतच आहे ना, हे जांघेपासून वरपर्यंत तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. ग्राफ्ट उघडताना रक्तदाब मुद्दाम उतरवतो, नाहीतर रक्ताचा लोंढा तो पुढे ढकलतो. तो उघडला, फाटीचं तोंड मिटलं आणि पडद्यावर आतड्यांच्या धमन्या पुन्हा भरताना दिसल्या, की या मोजमापावरचा माझा विश्वास दृढ होतो.

असेच वाचलेले एक तांडेल महिन्याभराने विचारत होते, “डॉक्टर, समुद्रावर कधी जाऊ?” मी म्हटलं, “काका, आधी रक्तदाब ताब्यात येऊ द्या. मग सुकाणू धरा, पण जाळं मुलाला ओढू द्या.” जोर लावला की रक्तदाब उसळतो, आणि ग्राफ्टखालची महाधमनी अजून अधूच असते. तिच्यासाठी गोळ्या आणि ठरल्या वेळचा सीटी जन्मभर. घरच्यांना हे पटेपर्यंत समजावणं मी उपचाराचाच भाग मानतो. त्यासाठी लागेल तेवढा वेळ मी देतो.